पंखो वारो खाता

आमच्या घरात फूटपट्टीला फारसा मान नाही. जाळ्याचा आस बोटांवर मोजतात, पाण्याची खोली वावेवर आणि किनाऱ्यापासूनचे अंतर माडांच्या शेंड्यांवर. शेंडे सुटे सुटे दिसतात तोवर किनारा जवळ. ते एकमेकांत मिसळले की लांब. आणि नुसती हिरवी रेघ उरली की खूप 'भायर'. या मापांवर आमच्या तीन पिढ्या जगल्या आणि कोणाचे फारसे अडले नाही. त्यामुळे पाऊण इंचासाठी माझे वडील वाळूत गुडघे टेकून मिस्त्रीशी तासभर वाद घालतील, हे मला कोणी आधी सांगितले असते तर खरे वाटले नसते. पण गेल्या वर्षी तसे घडले. वाद होता होडीच्या इंजिनाच्या उंचीचा.

ज्यांचा समुद्राशी संबंध सहलीपुरता आला आहे अशा मित्रांसाठी आणि प्राध्यापकांसाठी थोडे सांगायला हवे. मोठ्या मचव्याचे इंजिन पोटात असते. आमच्यासारख्यांच्या लहान होडीचे इंजिन मात्र बाहेर, मागच्या उभ्या फळीवर टांगलेले असते. त्याला सगळे 'औटबोर्ड' म्हणतात. सरकारी कागदात 'ओबीएम' लिहितात. वर डोके, खाली पाण्यात उतरलेला पाय, आणि पायाच्या टोकाला पंखा. आमच्या मालवणीत पंखो. मागच्या फळीवर दोन पकडींनी हे इंजिन आवळायचे, खाली बोल्ट मारायचे, आणि दांडा हातात धरून होडी हाकायची. सुकाणू वेगळे लागत नाही. पंख्याचे तोंड वळेल तशी होडी वळते. पंख्याच्या जरा वर, त्याच्यावर छप्पर धरावे तशी, एक आडवी चपटी पट्टी असते. या लेखाचा सारा कारभार त्या पट्टीभोवती आहे.

असे इंजिन लोकांच्या हाती आणणाऱ्यांत ओले एव्हिनरूड याचे नाव मोठे आहे. हा मूळचा नॉर्वेचा, लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत गेलेला. मिलवॉकी शहरात त्याने १९०९ साली आपले इंजिन विकायला काढले. त्यामागची एक गोष्ट सांगतात ती अशी की, उन्हाळ्यातल्या सहलीत त्याच्या वाग्दत्त वधूला आइस्क्रीम खावेसे वाटले. हा तळ्यापलीकडून वल्ही मारीत घेऊन येईपर्यंत ते वितळून गेले. तेव्हा त्याने मनाशी ठरवले की होडीला यंत्र हवे. गोष्ट खरी असो वा रचलेली, आमच्या किनाऱ्यावर ती ऐकवली तर लोक हसतात. आमच्याकडे इंजिन आले ते आइस्क्रीमसाठी नव्हे. बांगडा बर्फात पडायच्या आत बाजारात पोचावा, आणि वारा पडला तरी माणूस रात्री घरी यावा, एवढ्यासाठी आले. एव्हिनरूडच्या नावाची इंजिने २०२० साली बनायची थांबली. त्याची कल्पना मात्र आज आमच्या वाडीतल्या प्रत्येक होडीच्या पाठीवर बसलेली आहे.

आमचे गाव देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर माड आणि माणसे. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. पर्यटकांना तो संगम फार आवडतो. फोटो काढायला जागा उत्तम आहे. नदीचे पाणी बाहेर येत असते, समुद्राची लाट आत येत असते आणि दोघांच्या भांडणात वाळूचे दांडे तयार होतात. आज येथे, तर पुढच्या पावसाळ्यानंतर भलतीकडेच. त्या तोंडातून रोज बाहेर पडायचे आणि रोज आत यायचे, हा आमचा धंदा. बाहेर पडणे सोपे. लाट समोरून येते, ती दिसते. आत येताना लाट पाठीमागून येते.

आमची जुनी होडी लाकडाची होती. तिचे दिवस भरले तेव्हा बाबांनी बँकेचे कर्ज काढून अठरा फुटांची फायबरची होडी घेतली. कर्जात होडीच बसली, इंजिन बसले नाही. तेव्हा जुन्या होडीवरचे पंचवीस हॉर्सपॉवरचे इंजिन नव्या होडीवर चढवायचे ठरले. होडी पोचवायला आलेल्या माणसाने ते स्वतः चढवून दिले. धक्क्याला बांधलेल्या होडीत वाकून त्याने पाण्यात पाहिले. ती चपटी पट्टी चांगली वीतभर पाण्याखाली होती. "बघा, भरपूर बुडलाय," तो म्हणाला. आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिले. खरोखरच भरपूर बुडालेले होते. बोल्ट आवळले, नारळ फोडला, पेढे वाटले.

१ जून ते ३१ जुलै, असे एकसष्ट दिवस मासेमारी बंद असते. बंदी उठली तरी समुद्राचा राग लगेच ओसरत नाही. पुष्कळजण नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय होडी लोटत नाहीत. आम्हीही थांबलो. मग एका रविवारी बाबा, माझा चुलतभाऊ आणि मी असे तिघे निघालो. सपाट पाण्यावर होडी सुरेख पळत होती. वळताना मात्र इंजिन मधूनच किंचाळे. आवाज एकदम चढे, पण होडी पुढे जाण्याऐवजी मंदावे. सायकलची चेन उतरल्यावर पाय गरगर फिरावेत तसे. बाबांनी दोनतीनदा मागे पाहिले, बोलले काही नाही.

परत येताना सुकती लागली होती. संगमाच्या तोंडाशी नदीचे पाणी बाहेर धावत होते आणि लाटा त्यावर उभ्या राहत होत्या. एक लाट पाठीमागून आली, तिने होडीचे मागचे अंग उचलले, आणि त्याच क्षणी इंजिन किंचाळले. अशा वेळी होडीला जोर हवा असतो. लाटेच्या पुढे राहायचे, तिला आडवे जायचे नाही, एवढाच तिथला नियम. पण आमच्या पंख्यात जोरच उरला नव्हता. होडी तिरपी होऊ लागली. पुढची लाट मला चुलतभावाच्या खांद्यावरून दिसत होती, आणि ती आमच्या कुशीवर येणार हे कळत होते. बाबांनी इंजिनाचा वेग एकदम उतरवला. घाबरलेल्या माणसाने नेमके उलट केले असते. वेग वाढवला असता. किंकाळी थांबली, पंख्याने पुन्हा पाणी धरले, बाबांनी हळूहळू वेग चढवला आणि होडीचे तोंड सरळ केले. लाट कुशीऐवजी पाठीवर आली. गुडघाभर पाणी आत घेऊन आम्ही नदीत शिरलो. बाबा एवढेच म्हणाले, "पंखो वारो खाता."

त्या आठवड्यात पुष्कळ सल्ले मिळाले. तालुक्याच्या गावातल्या एका मेकॅनिकने नुसत्या वर्णनावरून सांगितले की हे 'कॅव्हिटेशन' आहे, पंखा बदला. दुसऱ्याने सांगितले, इंजिन म्हातारे झाले, नवीन घ्या, हप्त्याने मिळते. होडीचा एक हप्ता दर महिन्याला जात होताच. दुसरा लागला असता तर माझ्या धाकट्या बहिणीचे बारावीनंतरचे शिक्षण त्या पंख्याला गुंडाळले गेले असते. हे कोणी बोलून दाखवले नाही. पण आईने त्या आठवड्यात दोनदा पोस्टाचे पासबुक काढून पाहिले.

मी कला शाखेचा विद्यार्थी. इंजिनाला माझा उपयोग वाचण्यापुरता. इंजिनाबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका इतकी वर्षे प्लास्टिकच्या पिशवीत, जाळ्यांच्या पेटीत तळाशी पडून होती. ती काढून मी ओसरीवर बसून वाचू लागलो. तिच्यात त्या चपट्या पट्टीचे नाव 'अँटिव्हेंटिलेशन प्लेट' असे दिले होते. आमच्या किनाऱ्यावर तिला सरसकट 'कॅव्हिटेशन प्लेट' म्हणतात. किनाऱ्यावरच कशाला, इंग्रजी बोलणारे नावाडीही तसेच म्हणतात. ही दोन नावे एकाच गोष्टीची असावीत असे मला प्रथम वाटले. पण ती दोन निरनिराळ्या दुखण्यांची नावे आहेत, आणि आमचा पैसा त्या फरकावर अडलेला होता.

पंखा फार वेगाने फिरला की त्याच्या पात्याच्या पाठीमागे पाण्याचा दाब इतका उतरतो की तिथले पाणी न तापवताच उकळते. वाफेचे बुडबुडे होतात, पुढे सरकून फुटतात, आणि फुटताना धातूला खड्डे पाडतात. हे कॅव्हिटेशन, म्हणजे पाण्यात पोकळी होणे. १८९० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये वेगवान जहाजे बांधणाऱ्यांना ते प्रथम जाणवले. चार्ल्स पार्सन्सने १८९४ मध्ये 'टर्बिनिया' नावाची नौका पाण्यात सोडली. तिचे टर्बाइन इतक्या जलद फिरे की एकटा पंखा पाण्यात पोकळी करून बसे आणि नौकेला मनाजोगा वेग येईना. शेवटी त्याने तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन, असे नऊ पंखे बसवले. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून स्पिटहेडला आरमाराचे संचलन झाले. त्यात ही चिमुकली नौका सगळ्यांच्या देखत सुसाट धावली. तर हे दुखणे तसे खानदानी आहे. त्याला पंखा बदलणे हा उपाय होऊ शकतो.

आमचे दुखणे अगदी साधे होते. पंखा पृष्ठभागाच्या जवळ आला की वरची हवा खाली ओढून घेतो. पाण्याऐवजी हवा घुसळू लागला की त्याला अडवणारे काही उरत नाही. म्हणून तो गरगरतो, इंजिन किंचाळते आणि होडी मात्र जागच्या जागी. याला इंग्रजीत व्हेंटिलेशन म्हणतात. ती चपटी पट्टी वरची हवा अडवण्यासाठी असते. पोकळीला ती काहीच करू शकत नाही. कोशात मी हा शब्द पाहिला तेव्हा 'वायुवीजन' असा प्रतिशब्द मिळाला. वायुवीजन म्हटले की वर्गाच्या भिंतीतली झरोक्याची खिडकी आठवते. मी पुस्तिका मिटली आणि बाबांचे वाक्य मला नव्याने ऐकू आले. पंखो वारो खाता. मेकॅनिकचा शब्द भारदस्त होता आणि चुकीचा होता. बाबांचा शब्द दोन अक्षरी होता आणि तंतोतंत होता. शिवाय त्यात उपाय दडलेला होता: वारा खातो आहे, तर त्याला वाऱ्यापासून दूर न्या.

पण दूर म्हणजे किती? आणि वीतभर पाण्याखाली असलेली पट्टी वारा खाते कशी? इथे पुस्तिकेतल्या एका आकृतीने डोळे उघडले. बांधलेली होडी आपल्या वजनाने पाण्यात बसलेली असते, म्हणून तिच्या मागच्या फळीजवळ पाणी उंच दिसते. ती वेगाने धावू लागली की नाळ उचलते, होडी पाण्यावर चढते, आणि मागच्या फळीशी पाणी तळाच्या काठापासून सुटून सरळ मागे जाते. म्हणजे धावत्या होडीमागे पाण्याची पातळी होडीच्या तळाएवढीच उरते. धक्क्यावर दिसणारे वीतभर पाणी तिथे नसतेच. म्हणून इंजिनाची उंची पाण्याच्या रेषेवरून ठरवायची नसते, तळावरून ठरवायची असते. ती पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्या किंचित खाली, फार तर इंचभर खाली, हवी. धक्क्यावर वाकून पाहणाऱ्या त्या माणसाने आम्हाला फसवले नव्हते. त्याने उभ्या होडीला विचारले आणि उभ्या होडीने खोटे सांगितले.

मी हे बाबांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मोजून बघया."

होडी वाळूवर ओढून ओंडक्यांवर सारखी बसवली. वाडीतले मिस्त्री आले. ते बाबांच्या वयाचे. मी त्यांना काका म्हणतो. पोफळीची एक सरळ लांब रीप घेऊन ती होडीच्या तळाला, बरोबर मध्यावर, चिकटवून धरली आणि मागे इंजिनाच्या पायापर्यंत नेली. इंजिनाचा पाय ओळंब्याने सरळ केला, म्हणजे ती पट्टी तळाशी समांतर आली. आता पट्टी रिपेच्या खाली असायला हवी होती. ती सव्वादोन इंच वर होती.

मग मागची फळी मोजली, मध्यावर, माथ्यापासून तळापर्यंत. साडेबावीस इंच भरली. या इंजिनांच्या पायाची लांबी ठरावीक मापांत येते: आखूड पंधरा इंच, लांब वीस, आणि त्याहून लांब पंचवीस. होडीची मागची फळी त्या मापाला जुळती असावी लागते. आमचे इंजिन वीस इंचांचे. जुन्या लाकडी होडीची फळी जवळजवळ वीसच इंच होती, म्हणून तिथे त्याने कधी तक्रार केली नव्हती. नव्या होडीची फळी अडीच इंच उंच होती. इंजिन म्हातारे झाले नव्हते आणि पंखाही बिघडला नव्हता. पाय आखूड पडत होता, एवढेच.

उपाय सरळ दिसत होता: फळीला मध्यभागी खाच पाडायची आणि इंजिन खाली बसवायचे. पण इथे ओसरीवरचे शास्त्र संपले आणि समुद्रावरचे सुरू झाले. गावातल्या पुष्कळांनी इंजिने मुद्दाम उंच ठेवलेली आहेत, आणि त्यांना कारण आहे. संगमावर वाळूचे दांडे आहेत. सुकतीला पाणी कमरेएवढेही नसते. तीन इंच खाली गेलेला पंखा तीन इंच आधी रेतीला लागणार. मिस्त्रीकाका म्हणाले, "रेती लागतली रे." शेजारचे एक आजोबा म्हणाले, मागची फळी कापणे म्हणजे लाटेला दार उघडून देणे. दोघांचेही खरे होते. समुद्रावर एका बाजूने मिळवलेले माप दुसऱ्या बाजूने द्यावे लागते. फुकट काही नाही.

बाबांनी रेतीचा निकाल एका वाक्यात लावला. "रेतीक चुकवक येता, लाटेक चुकवक येना नाय." रेती कुठे आहे हे भरती-सुकतीवरून कळते. तिथे थांबता येते, इंजिन हाताने वर उचलता येते, वल्ही मारता येतात. लाट थांबू देत नाही. पंख्याने नेमक्या त्या वेळी पाणी सोडले तर दुसरा उपाय नाही. आजोबांच्या आक्षेपावर मात्र काम करावे लागले. फळी पूर्ण कापायची नाही, इंजिनाची बैठक मावेल एवढीच खाच घ्यायची. आणि होडीच्या आत, इंजिनाच्या पुढे, एक आडवी भिंत उभारायची. म्हणजे खाचेतून लाट आली तरी ती त्या लहान हौदात पडेल आणि तळाच्या भोकांतून परत बाहेर जाईल.

खाच किती खोल, यावरच तो पाऊण इंचाचा वाद झाला. काका म्हणत अडीच इंच पुरे. बाबा म्हणत सव्वातीन. अडीच घेतली तर पट्टी तळाच्या खाली जेमतेम पाव इंच येई. सव्वातीन घेतली तर पुरा एक इंच. काकांना फळीची काळजी, बाबांना संगमाची. शेवटी तीन इंचांवर तडजोड झाली. फळी साडेएकोणीस इंच, आणि पट्टी तळाखाली पाऊण इंच.

फायबरच्या होडीची फळी नुसती फायबरची नसते. तिच्या पोटात प्लायवूड असते. कापल्यावर ते उघडे पडते, आणि उघड्या लाकडात खारे पाणी शिरले की वरून चकचकीत दिसणारी फळी आतून कुजते. मग एके दिवशी इंजिन बोल्टांसकट हलू लागते. म्हणून काकांनी कापलेली कड घासून कोरडी केली, तिच्यावर मॅट आणि रेझिनचे थर चढवले, आणि दोन दिवस होडीला हात लावू दिला नाही. बोल्टांची जुनी भोके बुजवली; नव्या भोकांत सीलंट भरून मगच बोल्ट मारले. इंजिनाला एक दोर बांधून तो होडीच्या कडीला अडकवला. पकडी ढिल्या झाल्याच तर इंजिन तळाशी जाऊ नये म्हणून.

मग चाचणी. आधी नदीत, शांत पाण्यात. पहिली गोष्ट पाहायची ती इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची धार. इंजिन आपल्याला गार ठेवण्यासाठी खालून पाणी ओढते. त्यातली एक बारीक धार बाहेर पडत राहते. पाय उंच असला तर या पाण्यातही हवा शिरते, धार तुटक होते आणि इंजिन तापते. आमची धार आता करंगळीएवढी, अखंड होती. दुसरी गोष्ट वळण. पूर्ण वेगात दांडा दाबून होडी गोल फिरवायची. त्या वेळी होडी कलते आणि पंखा पृष्ठभागाजवळ येतो. आम्ही डावीकडे फिरलो, उजवीकडे फिरलो. इंजिनाचा सूर हलला नाही.

बाबांना तेवढ्याने समाधान नव्हते. त्यांनी इंजिनाच्या पकडीखाली अर्ध्या इंचाची लाकडी पट्टी घालायला लावली आणि पुन्हा तीच फेरी मारली. पाय जितका कमी बुडेल तितका पाण्याचा अडथळा कमी. सरळ जाताना होडी थोडी हलकी पळाल्यासारखी वाटली. पण वळणावर पंख्याने एक आचका दिला. पट्टी काढून टाकली. सपाट पाण्यावरच्या शर्यतीसाठी होडी असती तर ती ठेवलीही असती. मोठ्या इंजिनांच्या बैठकीत पाऊण पाऊण इंचावर भोकांची रांग असते. तिथे अशी लाकडे घालावी लागत नाहीत, बोल्ट एक भोक वर किंवा एक भोक खाली घेऊन हेच करायचे. वारा खाईपर्यंत वर न्यायचे, आणि खाल्ला की एक भोक खाली आणायचे. शेवटी माणसे आणि जाळी भरून फेरी मारली, कारण रिकामी होडी आणि भरलेली होडी सारख्या वागत नाहीत. उंची पक्की झाल्यावरच इंजिनाचा कल पाहिला. कल ठरवणारी खीळ एक घर मागे घेतली तर नाळ उगाच उचलू लागली. पुन्हा होती तिथे आणली.

उंचीचा दोष उलटाही असतो, हे नंतर लक्षात आले. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या एका होडीवर इंजिन फार खाली बसवलेले होते. ती वारा कधीच खात नसे. पण दांडा ओढून हात भरून येत, पेट्रोल जास्त लागे, आणि मागून उडणारे पाणी थेट प्रवाशांच्या अंगावर. इंजिनाचे डोके पाण्याजवळ आल्यामुळे टोपणाखाली खारे पाणी जाऊन आतल्या वायरी गंजत होत्या. त्या होडीच्या मालकाने दोन वर्षे वायरी बदलल्या होत्या. बाबांनी पोफळीची रीप नेऊन तळाला लावली. पट्टी तळाखाली चार इंच होती. पाय वीस इंचांचा, फळी सोळा इंचांची. फळीवर लाकडाचा ठोकळा बसवून इंजिन तीन इंच वर घेतले आणि वायरींचे दुखणे थांबले.

त्यानंतर दिवाळीपर्यंत आम्ही कितीतरी वेळा संगमातून आत आलो. लाटा आल्या, मागचे अंग उचलले गेले, खाचेतून पाणीही आले. हौदात पडले आणि भोकांतून निघून गेले. पंख्याने पाणी सोडले नाही. सगळा खर्च मिस्त्रीकाकांची मजुरी, रेझिन आणि चार बोल्ट एवढाच झाला. पासबुक पुन्हा ट्रंकेत गेले. बहिणीने विज्ञान शाखेत प्रवेश घेतला आहे. तिला पार्सन्सची गोष्ट सांगितली तेव्हा तिने मलाच दाब आणि उत्कलनबिंदू यांचा संबंध समजावून दिला.

आपल्या महाविद्यालयात भाषेच्या तासाला परिभाषेवर नेहमी चर्चा होते. शास्त्र मराठीत आणायचे तर शब्द कोठून आणावेत, संस्कृतातून की इंग्रजीतून? मला त्या चर्चेत एक भर घालावीशी वाटते. कधी कधी शब्द आधीच किनाऱ्यावर पडलेला असतो. ज्याच्या पाठीमागून लाट येते त्याने तो गरजेपोटी घडवलेला असतो, म्हणून तो नेमका असतो. त्याला कोशात जागा नसते, एवढाच त्याचा दोष. 'वायुवीजनरोधक पट्टी' असे मी एकदा बाबांना म्हणून दाखवले. त्यांनी ते निमूटपणे ऐकून घेतले, आणि त्या दिवसापासून ते तिला 'वाऱ्याची पट्टी' म्हणतात. वाडीतली पोरेही आता तसेच म्हणू लागली आहेत. या पावसाळ्यात चार घरांतून पोफळीची रीप मागायला माणसे आली. रीप आता आमच्या पडवीत आढ्याला बांधून ठेवलेली असते. तिच्या एका टोकाला बाबांनी सुरीने तीन खुणा कोरल्या आहेत: पाव इंच, पाऊण इंच, एक इंच.